केळुसकर काकूंचं स्टेशन

केळुसकर काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते पोलीसचौकीत.

जपानमधली पोलीसचौकी, म्हणजे कोबान, आपल्याकडच्यासारखी नसते. खोलीभर जागा, एक टेबल, भिंतीवर वस्तीचा नकाशा आणि वाट चुकलेल्यांना वाट दाखवणारा एक अतिशय नम्र पोलीस. त्या टेबलापाशी सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. अंगावर सुती साडी, तिच्यावर मुलाचं जुनं विंडचीटर, पायात स्पोर्ट शूज, पुढ्यात ग्रीन टी आणि हातात शिंप्याची टेप. मला बघून पोलीस उठला, वाकला. बाई उठल्या नाहीत, वाकल्या तर मुळीच नाहीत. त्यांनी नुसतं एवढं सांगितलं, “चार फूट साडेआठ इंच. ही आपली नव्हे.”

हळूहळू उलगडा झाला. बाई म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरच्या समीर केळुसकरची आई. ठाण्याहून नुकत्याच आलेल्या. समीर टोकियोत क्लायंटसमोर बसलेला, फोन बंद. आणि काकूंच्या पर्समधल्या कार्डावर दुसरा नंबर माझा. मी त्या दिवशी घरून काम करत होतो, म्हणून सापडलो. काकू बसने आमच्या इचिकावा शहराच्या दुसऱ्या टोकाला गेल्या होत्या, जिथे एका खाजगी लाइनीचे रूळ रस्त्यावरून जातात. गाडी गेली, फाटक उघडलं, माणसं सायकली घेऊन पलीकडे गेली आणि काकू रुळांच्या मधोमध बसकण मारून टेप लावायला लागल्या. एका जपानी बाईने त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि कोबानमध्ये आणून सोडलं. कुणी तिथलं लाल बटण दाबलं नाही हे आमचं नशीब. नाहीतर अख्खी लाइन थांबली असती आणि समीरच्या बॉसला जाहीर माफी मागावी लागली असती!

पोलिसाची माफी मी मागितली. बसमधून उतरून घरी चालत येताना मी काकूंवर चांगलाच वैतागलो होतो, पण सत्तरीच्या बाईला बोलणार काय? तरी विचारलंच की हे मोजायचं कशाला होतं. त्या म्हणाल्या, त्यांच्या वडिलांची आफ्रिकेतली रेल्वे साडेतीन फुटांची होती, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं. जपानची गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हा तिचा डबा वळणावर तसाच डुलला, म्हणून संशय आला. पण मोजलं तर निघाली चार फूट साडेआठ इंच.

आता मी पडलो आयटीवाला. कुणी आकडा टाकला की फोन काढून बघितल्याशिवाय मला राहवत नाही. बघितलं. आणि सांगितलं की काकू, ती एक खाजगी लाइन रुंद आहे, पण आपल्या ग्योतोकू वस्तीतली, जिच्या पुलाखाली तुम्ही कोथिंबीर शोधत फिरता ती तोझाई लाइन, एक हजार सदुसष्ट मिलिमीटरची आहे. म्हणजे बरोबर साडेतीन फूट. जपानचे बहुतेक जुने रूळ तेवढेच. इंग्रज इंजिनीअरांनीच इथेही तसं घालून दिलं होतं, डोंगराळ मुलखात अरुंद रूळ स्वस्त पडतात म्हणून. आणि त्या मापाला आजही जगभर केप गेज म्हणतात, दक्षिण आफ्रिकेतल्या केपवरून.

काकू रस्त्यात थांबल्या. “पुढे?”

पुढे काही नाही, एवढंच, असं मी म्हटलं. तेवढ्याने त्यांचं भागलं नाही. त्या मला घरी न जाऊ देता तडक स्टेशनात घेऊन गेल्या, प्लॅटफॉर्मवर उभ्या राहिल्या, आणि गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि या बाई प्रत्येक गाडीला आपली भाची लग्नाला आल्यासारख्या हसत होत्या. मी त्या दिवशी दोन कॉल चुकवले. पण खरं सांगतो, माझाही पाय तिथून निघेना. रोज त्याच गाडीत अंग चोरून उभा राहतो मी. तिची रुंदी आफ्रिकेशी जुळते हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

तर अशा काकू. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यामुळे आवाज खणखणीत, आणि समोरचा जरा थांबला की लगेच “पुढे?” डॉक्टर असो, जावई असो, आमच्या बिल्डिंगचा जपानी मॅनेजर असो. मॅनेजरला मराठी येत नसे, पण त्या “पुढे?” नंतर तो खरोखरच पुढे बोलायचा. कचरा वेगळा करायचं शास्त्र त्या आठवडाभरात शिकल्या आणि मग आमच्याच पिशव्या तपासायला लागल्या. दह्याचा डबा न धुता टाकला म्हणून माझ्या बायकोला, माधवीला, त्यांनी जिन्यात अडवलं होतं. दुपारी नातीला शाळेतून आणायच्या आणि घरी येताना पुलाखाली उभं राहून एक गाडी बघितल्याशिवाय पाऊल पुढे टाकायच्या नाहीत. जपानीत गाडीला देन्शा म्हणतात. वस्तीतली आपली सगळी पोरं त्यांना देन्शा-आजी म्हणायला लागली, आणि मोठ्यांनाही तेच नाव सोयीचं वाटलं.

त्यांची गोष्ट मात्र आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी कळली. मूळ घर वेंगुर्ल्याचं. वडील म्हापशाला राहून पोर्तुगीज शिकले, इंग्रजी येतच होतं, आणि त्या जोरावर मोझांबिकमध्ये रेल्वेत तारबाबू म्हणून लागले. ही रेल्वे कशी झाली ते काकूंच्या तोंडून ऐकावं. मोझांबिक पोर्तुगिजांचं, आतल्या डोंगरापलीकडची वसाहत इंग्रजांची. इंग्रजांकडे खाणी आणि जमीन, पण समुद्र नाही. पोर्तुगिजांकडे समुद्र, पण हातात दमडी नाही. मग बैरा बंदरापासून थेट डोंगरापर्यंत रूळ घालायचे ठरलं. आधी घाईघाईत दोन फुटांचे, अगदी खेळण्यातले शोभावेत असे, तेही दलदलीतून. पावसाळ्यात नदी फुगली की रूळ वाहून जायचे. तापाने माणसं पटापट मेली; तिथले काळे मजूर, बोटींतून भरून नेलेले आपले हिंदी मजूर, गोरे मुकादमसुद्धा. पुढे वाहतूक वाढली तेव्हा तेच रूळ उखडून साडेतीन फुटांचे टाकले, म्हणजे केपकडून येणाऱ्या गाड्यांशी जुळतील. हे सगळं सांगताना काकू कधी खुर्चीवर बसायच्या नाहीत. स्वयंपाकघरात ओट्यावर लाटणं आडवं टाकून नदी दाखवायच्या, आणि पोळ्या तव्यावर करपायच्या.

काकू त्या लाइनीवरच्या एका छोट्या स्टेशनावर वाढल्या, सहा वर्षांच्या होईपर्यंत. मग इकडे गोवा मुक्त झाला आणि तिकडे पोर्तुगिजांनी हिंदी लोकांची धरपकड केली. नेसत्या वस्त्रानिशी छावणीत, तिथून बोटीत, बोटीतून हिंदुस्थानात. फोटो नाही, कागद नाही, काही नाही. वडील परत आल्यावर त्या मुलखाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत आणि लवकर गेले. आई घरात ‘आपलं स्टेशन’ एवढंच म्हणायची. थोरल्या भावाला विचारू विचारू म्हणता तोही गेला. आणि मग एके दिवशी काकूंच्या लक्षात आलं की आपण लहानपणी जिथे वाढलो त्या स्टेशनचं नाव आपल्याला ठाऊकच नाही. विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

एकदा चहा पिताना त्या मला म्हणाल्या, “अरे, माणूस कुठलाही असो, विचारलं तर गावाचं नाव सांगतो. मी काय सांगू? मला ते नाव पाहिजे. बाकी काही नको.”

मी अर्थातच लॅपटॉप उघडला. त्या लाइनीवर स्टेशनं ढीगभर, त्यात स्वातंत्र्यानंतर पुष्कळांची नावं बदललेली. उपग्रहाचे फोटो दाखवले. काकूंनी चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून बघितलं आणि लॅपटॉप माझ्याकडे ढकलला. “मेल्या, मी काय विमानातून बघितलं होतं ते?” त्यांना जे आठवत होतं ते सगळं सहा वर्षांच्या पोरीच्या उंचीवरून. वळणावरून येणारी गाडी. पाण्याची टाकी. घाट चढायला मागून लागणारं दुसरं इंजिन. आणि स्टेशनमागे एकावर एक ठेवलेले दोन प्रचंड गोल दगड.

आणि यात वेळ फार नव्हता. इथे राहणाऱ्यांना हे माहीत असतं, पण तिकडच्यांना सांगतो. समीरसारख्या बऱ्या व्हिसावरच्या माणसाला आईला इथे आणता येतं, पण मूल सांभाळायला म्हणून, आणि मूल सात वर्षांचं होईपर्यंतच. नात इरा सात वर्षांची झाली की आजीने परत जायचं. बाकीच्या घरांत वाढदिवस जवळ आला की फुगे येतात. समीरच्या घरात त्या विषयावर कुणी बोलत नसे. इराचा वाढदिवस त्या वर्षी गणपतीनंतर लगेच होता.

गणपतीचा देखावा ठरवायला आमच्या मराठी मंडळाची मीटिंग भरली तेव्हा काकू येऊन पहिल्या रांगेत बसल्या. अध्यक्ष प्रभुणे चंद्रयान करायचं म्हणत होते. पुण्याचे दोघे शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, म्हणत होते. काकू उठल्या आणि म्हणाल्या की बैराची रेल्वे करू या. प्रभुण्यांनी अतिशय आदराने विचारलं की काकू, तिचा आणि आपला काय संबंध? बस्स. पुढची सबंध मीटिंग काकूंची. दलदल, ताप, बोटीत भरलेले हिंदी मजूर, साडेतीन फूट, तोझाई लाइन. “तुम्ही रोज ज्या मापाच्या गाडीत बसून नोकरीला जाता, त्या मापाचे रूळ टाकताना आपली माणसं मेली आहेत,” असं त्या म्हणाल्या तेव्हा मागच्या रांगेतल्या पोरांनी फोन खाली ठेवले. तरी ठराव पास झाला तो खरं म्हणजे दुसऱ्या कुणाला काम करायचं नव्हतं म्हणून. सजावटीचा प्रमुख मी होतो, हे माझ्या त्या रात्री लक्षात आलं.

आता चालती गाडी आणायची कुठून? टोकियोत अशी दुकानं आहेत जिथे तासाच्या हिशोबाने आपली छोटी आगगाडी त्यांच्या रुळांवर चालवता येते. एका शनिवारी मी काकूंना आणि इराला तिथे नेलं. तिथे ओगावा-सान भेटले. रिटायर्ड ड्राफ्ट्समन, हातात पांढरे मोजे, खिशात तीन पेन्सिली, चेहऱ्यावर हसू वर्षातून एकदा. त्यांच्या गाडीचे रूळ इतरांच्या रुळांपेक्षा अरुंद दिसत होते. काकूंनी इराला विचारायला लावलं. ओगावा-सान म्हणाले की पुष्कळ लोक तयार मिळणारे परदेशी मापाचे रूळ वापरतात, ते चूक आहे. जपानची खरी गाडी साडेतीन फुटांची, तर तिची प्रतिकृतीही त्याच प्रमाणात लहान हवी. म्हणून ते बारा मिलिमीटरचे रूळ वापरतात.

मी हे काकूंना समजावून सांगितलं आणि पुढच्याच क्षणी आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. म्हणजे बैराचे रूळ टोकियोच्या दुकानात तयार मिळत होते! इंग्लंडमध्ये शोधावे लागले असते, मुंबईत मिळाले नसते, इथे फळीवर ठेवलेले होते. काकूंनी ओगावा-सानांचे मोज्यांसकट दोन्ही हात धरले. त्यांचं त्या वर्षातलं हसू तेव्हा खर्ची पडलं.

पण ओगावा-सान आकड्याशिवाय काम करणारे नव्हेत. प्लॅटफॉर्म किती लांब? टाकी किती उंच? काकूंकडे आकडे नव्हते. त्यांचं आपलं वेगळंच. डब्याची पहिली पायरी माझ्या छातीशी यायची. टाकीच्या लोखंडी चाकाला हात लावायला टाचा उचलाव्या लागायच्या. दुभाषी इरा. काकू दहा वाक्यं बोलायच्या, इरा जपानीत दोन शब्द टाकायची आणि आजीने डोळे वटारले की तिसरा. ओगावा-सानांनी पेन्सिल कागदावर ठेवली. मग त्यांनी इराचं वय विचारलं. सहा. उठले, इराला भिंतीशी उभं केलं, आणि तिच्या छातीपाशी पेन्सिलीने खूण केली.

झालं! त्यानंतरचे सगळे शनिवार-रविवार इरा म्हणजे आमची मोजपट्टी. इरा, हात वर कर. इरा, टाचा उचल. इरा, इथून उडी मारून बघ. पोरगी कंटाळून “मो यादा” म्हणायची, म्हणजे आता पुरे, आणि काकू तिला आइसक्रीमचं आमिष दाखवून पुन्हा उभं करायच्या. घरापासून स्टेशन किती लांब, याचं काकूंचं उत्तर तर अफलातून होतं. आई जेवायला हाक मारायची ती स्टेशनवर ऐकू यायची, पण शब्द कळायचे नाहीत. ओगावा-सानांनी हे वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. पुढच्या रविवारी आम्ही सगळे नदीच्या बंधाऱ्यावर. एका टोकाला काकू पदर खोचून उभ्या, तोंडाशी हात धरून ओरडताहेत, “सुलू, जेवायला ये गो!” इरा उलट्या पावलांनी लांब लांब चाललीय, आणि ओगावा-सान तिच्याबरोबर अंतर मोजायचं चाक ढकलताहेत. जॉगिंग करणारी माणसं थबकत होती. एक कुत्रा हाकेला ओ देऊन काकूंकडे धावत आला. शेवटी लांबून इराची आरोळी आली, “किकोएरु केदो, वाकान्नाई!” ऐकू येतंय पण कळत नाहीये. ओगावा-सानांनी तिथे जमिनीवर खडूने रेघ मारली.

मी हसत होतो, मग एकदम लक्षात आलं. सुलू म्हणजे काकूच; स्वतःच्या आईची हाक ही बाई स्वतः मारत होती, आणि ती नातीपर्यंत किती पोचते ते एक परका माणूस मोजत होता.

आमचा गणपती एकाच दिवसाचा. त्या दिवशी सकाळी कम्युनिटी हॉलमध्ये देखावा उभा राहिला. मधे बाप्पा, भोवती टेबलांवर बैराची लाइन. खाली दलदल, मग जंगल, मग वळण, स्टेशन, टाकी, तारबाबूंचं दोन खोल्यांचं घर, मागे एकावर एक दोन दगड. प्रभुण्यांनी ते बघून मला बाजूला घेतलं आणि विचारलं की प्रसादाचे लाडू एवढे मोठे कशाला केलेत. ओगावा-सानांनी शेवटी खिशातून एक डबी काढली. तिच्यात नखाएवढी, फ्रॉकवाली, टाचा उचललेली एक मुलगी होती. ती त्यांनी चिमट्याने टाकीखाली उभी केली.  काकूंनी वाकून ओगावा-सानांना नमस्कार केला, अगदी पायाला हात लावून, आणि ते बिचारे गडबडून स्वतःच गुडघ्यांवर बसले.

आरतीचा मात्र पुरता फज्जा उडाला. टाळ्या आणि झांजांनी टेबलं हादरायची आणि गाडी बरोबर घाटात रुळांवरून घसरायची. दर कडव्याला ओगावा-सान धावायचे. निम्मी माणसं डोळे मिटायचे सोडून गाडी चढते की नाही तेच बघत होती. शेवटच्या आरतीला ती मागच्या इंजिनाच्या जोरावर एकदाची वर चढली तेव्हा जो जयजयकार झाला तो बाप्पाचा की गाडीचा, ते बाप्पालाच ठाऊक. मात्र नाव सापडण्याचा काही योग दिसत नव्हता. काकू आल्यागेल्याला उत्साहाने सगळं दाखवत होत्या, पण जरा मोकळ्या झाल्या की स्टेशनच्या कोऱ्या पाटीकडे बघायच्या. पाटी ओगावा-सानांनी केली होती. तिच्यावर लिहायला काही नव्हतं.

दुपार कलल्यावर माधवी आली. ती त्सुकुबाला शेतीच्या एका संशोधन संस्थेत आहे, आणि तिच्याबरोबर तिथे मातीवर डॉक्टरेट करणारी ल्युसिया नावाची मुलगी होती, मोझांबिकची. माधवीने तिला मोदक खायला म्हणून बोलावलं होतं. मी काही आशा धरली नव्हती. मोझांबिक केवढा देश! गडचिरोलीच्या माणसाला वेंगुर्ल्याची आळी विचारण्यातला प्रकार. ल्युसियाने दारात बूट काढले, मोदकाची बशी घेतली, बाप्पाकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि हातातली बशी माधवीच्या हातात देऊन चटकन गुडघ्यांवर बसली. तिचे डोळे रुळांच्या पातळीला आले. तशीच ती टेबलाच्या कडेकडेने सरकत गेली, दगडांपर्यंत, आणि म्हणाली, “न्यामारा.”

काकू पलीकडे प्रसाद वाटत होत्या. त्या कशा आल्या ते मी पाहिलं नाही, पण आल्या. काय म्हणालीस, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. ल्युसिया पुन्हा म्हणाली. हे दगड अजून तिथेच आहेत, टाकी आता नाही, पण तिचे खांब आहेत. तिच्या आईचं गाव ते. काकूंनी, एक्स्चेंजमध्ये परगावचं नाव लिहून घेताना करायच्या तसं, तिच्याकडून एक-एक अक्षर वदवून घेतलं. मग ते नाव स्वतः म्हणून बघितलं. आणि मग त्या रडल्या. तोंडावर पदर न घेता, मोठ्याने, सगळ्यांदेखत. समीर धावत आला, प्रभुण्यांनी माइकवरून जाहीर केलं, टाळ्या वाजल्या, कुणीतरी इराला उचलून घेतलं. ओगावा-सानांनी पाटी काढून तिच्यावर नाव लिहायला घेतलं. मला वाटलं, संपलं. याहून मोठं आता काय व्हायचं?

पण ल्युसिया अजून टेबलाकडेच बघत होती. टाळ्या थांबल्यावर तिने बोट रुळांवरून पलीकडे नेलं आणि अगदी साधेपणाने काकूंना विचारलं, “आणि आम्ही कुठे आहोत?”

रुळांच्या पलीकडे नुसतं गवत होतं. ओगावा-सानांनी एकसारखं पेरलेलं, सुंदर हिरवं गवत.

ल्युसिया सांगायला लागली. तिच्या आजीचं घर बरोबर इथे, स्टेशनच्या समोर. पणजोबा गँगमध्ये, रूळ दुरुस्त करणारे. मोठी वस्ती होती ही. गाडी आली की बायका इथून केळी आणि उकडलेल्या शेंगा घेऊन डब्यांशी धावायच्या. ती रागावलेली नव्हती. गावाकडचा माणूस भेटल्यावर बोलावं तशी भरभरून बोलत होती. मला मात्र काकूंकडे बघवेना. सबंध जन्म शोधलेली वस्तू हाती आली आणि त्याच क्षणी कुणीतरी ती अर्धीच असल्याचं दाखवलं.

काकू मराठीतच बोलल्या, बहुतेक कुणालाच उद्देशून नाही. “मला रूळ ओलांडायला बंदी होती. तिकडे जायचं नाही, आपली माणसं नाहीत ती, असं आई म्हणायची. केळी मात्र रोज खायचे मी. ती कुठून येतात ते कधी विचारलं नाही.” मग हेच सगळं त्यांनी ल्युसियाला इंग्रजीत सांगितलं. काही गाळलं नाही.

ल्युसियाने त्यांच्या हातावर हात ठेवला. काकूंनी लगेच मान वळवून ओगावा-सानांकडे उरलेली माती मागितली. त्यांनी न विचारता पेटी उघडली. काकूंनी पदर खोचला, चटईवर बसल्या आणि मूठभर गवत खरवडून काढलं. प्रभुणे माझ्या कानाशी लागले की अरे, हॉल रिकामा करून द्यायचाय, बाप्पाला उचललंय, विसर्जनाचा टब भरून ठेवलाय. मी काकूंना तसं सांगितलं.

“बाप्पाला म्हणावं थांब जरा,” काकू म्हणाल्या. “इथे माणसं राहायची.”

आणि खरोखरच सगळे थांबले. मूर्ती हातांत धरून प्रभुणे उभे, मागे अख्खं मंडळ उभं, दारात हॉलचा माणूस घड्याळाकडे बघत उभा.

इराच्या वाढदिवसानंतर काकू परत गेल्या. त्या दिवशी मला ऑफिसातून निघता आलं नाही, त्यामुळे विमानतळावर मी नव्हतो, आणि त्याचं आता फारसं वाईट वाटत नाही. माझ्यासाठी काकू अजून त्या चटईवरच आहेत. चष्मा नाकावर घसरलेला, बोटं मातीने भरलेली. ल्युसिया सांगतेय, त्या ऐकताहेत. पहिलं घर छोटं झालं म्हणून त्यांनी मोडलं आणि पुन्हा केलं. मग हात रुळांवरून पलीकडे नेला, ते घर ल्युसियाने दाखवलेल्या जागी दाबून बसवलं, आणि मातीचा दुसरा गोळा घेत त्यांनी विचारलं, “तुझ्या आजीच्या शेजारी कोण राहायचं?”